हाड आमचं, माप कुणाचं?

माझ्या जबड्यात दोन पट्ट्या आणि आठ स्क्रू आहेत. टायटॅनियमचे. तेव्हा जबड्याच्या ऑपरेशनवर बोलायला मला कुणाच्या सर्टिफिकेटची गरज नाही. सर्टिफिकेट माझ्या तोंडात ठोकलेलं आहे.

रात्रपाळी होती. वय एकवीस. धक्क्यावर पोलादाच्या कॉईल उतरत होत्या. साखळीचा शॅकल सुटला आणि हनुवटीच्या डाव्या अंगाला बसला. ठेकेदाराचं नाव लिहीत नाही. लिहिलं की पुढची पाळी मिळत नाही, हे तुम्हालाही माहिताय. सरकारी हॉस्पिटलात नऊ दिवस पडून होतो. आज सव्विसाव्या वर्षी मी जेवतो, बोलतो, कविता म्हणतो, मोर्चात घोषणा देतो. फक्त खालच्या ओठाची डावी बाजू अजून माझी झालेली नाही. चहा ओघळला तर समोरच्याच्या नजरेवरून कळतं.

हे आत्ता काढायचं कारण माझं दुखणं नाही. कारण माझा दोस्त आहे.

दोस्त माहुलचाच. आमच्या वसाहतीचं नाव एव्हरस्माईल. म्हणजे कायमचं हसू. नाव ठेवणाऱ्याला साष्टांग दंडवत! ७२ इमारती. रस्त्यापलीकडे रिफायनऱ्या, बाजूला रसायनांच्या टाक्या. २०१५ साली हरित लवादानं सांगितलं की माहुल आणि आंबापाड्याच्या हवेनं माणसांच्या तब्येतीला धोका आहे. आणि २०१७ साली तानसा पाइपलाइनवरची घरं पाडून हजारो माणसं याच हवेत आणून टाकली. २०१९ साली हायकोर्टानं या लोकांना दुसरीकडे राहायला महिना १५,००० रुपये भाडं द्यायला सांगितलं. म्हणजे हवा माणसाच्या लायक नाही, हे आता फक्त आम्हीच म्हणत नाही. इथे पोरांच्या अंगाला खाज सुटते, डोळे चुरचुरतात, म्हातारी माणसं रात्रभर खोकतात. अशा जागी राहणाऱ्या माझ्या दोस्ताला एक दिवस सांगण्यात आलं की बिघाड त्याच्या तोंडात आहे.

तो एका मोठ्या दुकानाच्या गोदामात खोकी उचलतो. बारावी पास आहे, इंग्रजी बरं बोलतो. काउंटरवर जागा निघाली म्हणून अर्ज केला. मॅनेजर म्हणाला, "तुझं काम चांगलंय रे, पण फेस जरा रफ आहे. कस्टमरला सॉफ्ट लुक लागतो." त्या दिवसापासून पोरगा मोबाईलवर जबडे बघतो. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. आधी चौकोन, नंतर निमुळता. आधी गरीब, नंतर श्रीमंत. हाड कापलं की जणू पगारही वाढतो!

एका रविवारी म्हणाला, "चल माझ्याबरोबर. तुला यातलं कळतं." गेलो. वांद्र्याकडचं क्लिनिक. आत गारवा, काच, पांढरे सोफे. एक मॅडम आली. तिनं दोस्ताचा फोटो काढला, कॉम्प्युटरवर चढवला. मग पेन्सिल घेऊन त्याच्या गालावर रेघा मारल्या. आम्ही खोक्यावर खडूनं खूण करतो ना, हुक कुठून लावायचा त्याची, तश्शा. म्हणाली, "कोपरे कमी करू. चीकबोन आत घेऊ. हनुवटी थोडी पुढे. आठवड्याभरात कामावर जाल. हप्ते सोपे आहेत." एकूण आकडा माझ्या वर्षभराच्या कमाईहून मोठा होता. मी विचारलं, "ओठाची जाणीव जाते का, मॅडम?" ती गोड हसली. "ते फार रेअर आहे, सर."

मी म्हटलं, "तो रेअर तुमच्यासमोर बसलाय."

दोस्तांनो, हसू नका. आता नीट ऐका. जे त्या सोफ्यावर सांगत नाहीत ते मी सांगतो. पुढाऱ्यासारखं नाही, पेशंटसारखं सांगतो.

जबडा निमुळता करायचा म्हणजे क्रीम लावायचं नसतं. पूर्ण भूल देतात. तोंडाच्या आतून, हिरड्याखाली चीर घेतात, म्हणून बाहेर वण दिसत नाही आणि लोकांना वाटतं काही झालंच नाही. आत करवत चालते. कानाखालचा जबड्याचा कोपरा कापून काढतात. हनुवटी बदलायची तर हाड आडवं कापून सरकवतात आणि पट्टी-स्क्रूनं बसवतात. गालाचं हाड आत घ्यायचं तर तेही तोडून पुन्हा जोडावं लागतं. म्हणजे माझ्या शॅकलनं जे एका फटक्यात केलं तेच हे लोक मोजूनमापून, सही घेऊन करतात.

शुद्धीवर येतोस तेव्हा तोंड तुझं नसतं. पहिले दोन-तीन दिवस सूज वाढतच जाते. डोळ्याखालपासून गळ्यापर्यंत काळंनिळं. पेज, दूध, डाळीचं पाणी. प्रत्येक वेळी चुळा भरायच्या, कारण चीर तोंडात आहे आणि तोंडात घाण आहे. तंबाखू बंद, बिडी बंद. ओढलीस तर जखम भरत नाही. बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरते, पण खरा आकार दिसायला सहा महिने, वर्षसुद्धा लागतं. आठवड्यात कामावर? खोकी उचलायला? आठवड्यात मी पाण्याचा तांब्या उचलला तरी तोंडात रक्ताची चव यायची.

आणि ती नस. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते. ओठाची आणि हनुवटीची जाणीव तिच्यावर असते. ती ताणली, चेपली की ओठ बधिर. बहुतेकांचा काही आठवड्यांत, काही महिन्यांत परत येतो. काहींचा येत नाही. दुसरी एक नस ओठाचा कोपरा हलवते. तिला धक्का लागला तर हसताना तोंड वाकडं. हाड कमी होतं पण वरची कातडी तेवढीच राहते, म्हणून गाल ओघळू शकतात. रक्तस्राव होऊ शकतो, पू होऊ शकतो, दोन बाजू एकसारख्या न बसता राहू शकतात. आणि कापून टाकलेलं हाड पुन्हा उगवत नाही. केस उगवतात, नखं उगवतात. हाड कचऱ्यात गेलं की गेलं.

कुणी म्हणेल, ऑपरेशन नको, सुई घेऊ. घ्या. चावायच्या स्नायूत सुई मारून तो बारीक करतात. काही महिन्यांनी परिणाम ओसरतो, पुन्हा पैसे. गालात, हनुवटीत भरण घालतात. तेही बहुतेक विरघळतं, पुन्हा पैसे. आणि भरणाची सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर कातडी मरते, क्वचित डोळाही जातो. क्वचित म्हणजे कधीच नाही असं नाही.

कोरियात तर या धंद्याच्या पेठाच आहेत. २०१६ साली सेऊलमध्ये एका कॉलेजच्या पोरानं जबडा बारीक करून घ्यायला ऑपरेशन केलं. रक्त वाहत राहिलं आणि डॉक्टर त्याच वेळी दुसऱ्या पेशंटांची ऑपरेशनं करत फिरत होता. ४९ दिवसांनी पोरगा मेला. त्याच्या आईनं ऑपरेशनच्या खोलीतलं कॅमेऱ्याचं चित्रण मिळवलं. पोटच्या पोराचं वाहतं रक्त ती माउली शेकडो वेळा बघत बसली, मिनिटामिनिटाचा हिशोब लिहीत बसली. फलक घेऊन रस्त्यावर उभी राहिली. २०२१ साली त्या डॉक्टरला कैद झाली. त्याच वर्षी कायदा झाला आणि २०२३ पासून तिथे बेशुद्ध पेशंट असलेल्या ऑपरेशनच्या खोलीत कॅमेरा बसवणं सक्तीचं झालं. एका आईनं एवढं केलं. पण पोरगा आला नाही परत.

आता काही शहाणे म्हणतील, हा गोदीवाला विज्ञानाचा दुश्मन दिसतो. थांबा. मी पट्टी-स्क्रूच्या जिवावर भाकरी चावतो. विज्ञानाला शिव्या द्यायला मी काही बाबा-बुवा नाही. उलट ही विद्या कुणाची आहे तेच सांगतो.

१७९२ ची लढाई. इंग्रज एका बाजूला, टिपू दुसऱ्या बाजूला. इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या कैदेत सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभराहून जास्त तो बिननाकाचा हिंडला. मग पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवलं. मेणाची पातळ पट्टी नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, तीच कपाळावर पसरून रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली, भुवयांमधला देठ तेवढा ठेवला, कातडी पिळून खाली आणली आणि नाकाच्या जागी बसवली. चिकटवायला पाण्यात कालवलेला कात. पंचवीस दिवसांनी देठ कापला. मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर, क्रूसो आणि फिंडले, बघत उभे होते. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये हे छापून आलं. ते वाचून कार्प्यू नावाच्या डॉक्टरानं १८१४ साली लंडनात असंच नाक बसवलं. तिथून ही विद्या साऱ्या युरोपात गेली.

आणि तो पुण्याजवळचा माणूस कोण? वैद्यशास्त्री नाही, पंडित नाही. छापील पत्रात लिहिलंय, विटा भाजणाऱ्या जातीचा. कुंभार! बैलवाल्याचं नाव छापलं, जात छापली. कुंभाराची फक्त जात छापली. नाव नाही. साऱ्या जगाला नाक देणारा हात बिननावाचा राहिला. आज मोठमोठ्या परिषदांत सुश्रुताच्या नावानं दिवा लावतात. लावा. पण त्या भट्टीवाल्याच्या नावानं एक पणतीही नाही. पणती तरी कोण बनवतो, सांगा!

त्या कुंभारानं काय केलं? कापलेलं जोडलं. सत्तेनं मोडलेलं तोंड माणसाला परत दिलं. आपल्या मुंबईत डॉ. नोशीर अँटियांनी हेच केलं. पहिल्या महायुद्धात तोंडं उडालेल्या सैनिकांचे चेहरे बांधणाऱ्या गिलीजच्या हाताखाली ते शिकले आणि परत येऊन कुष्ठरोग्यांची बसलेली नाकं उभी केली, जे. जे. त प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. ज्याला गाव हाकलून देतं त्याला पुन्हा गावात शिरायला तोंड दिलं. जळलेली बाई, ॲसिड फेकलेली मुलगी, ओठ फाटका जन्मलेलं लेकरू, शॅकल बसलेला हमाल, यांच्यासाठी सुरी उचलणाऱ्याच्या पायाची धूळ मी कपाळाला लावीन. तृतीयपंथी दोस्ताला स्वतःचा चेहरा गाठायचा असेल तर तोही त्याचा हक्क. तिथे फुकटची अक्कल शिकवणारा मी कोण?

भांडण सुरीशी नाही. भांडण मापाशी आहे.

हे माप नवीन नाही, बाबांनो. इंग्रजांच्या राज्यात रिस्ले नावाचा साहेब होता. १९०१ च्या जनगणनेचा कमिशनर. त्यानं लोकांच्या तोंडाला कंपास लावला, नाकाची लांबी-रुंदी मोजली आणि सिद्धांत ठोकला: नाक जेवढं रुंद तेवढी जात खाली. झालं! जे मनूनं पोथीत लिहिलं ते साहेबानं फूटपट्टीवर उतरवलं. इथल्या उच्चवर्णीयांना केवढा आनंद झाला असेल! मग बाबासाहेबांनी काय केलं? घुर्ये यांनी दिलेले नाकांच्या मापांचे तक्ते घेतले आणि १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स'मध्ये तीच मापं समोर मांडून दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा नाही. त्यांच्याच कंपासनं त्यांचाच फुगा फोडला. बाबासाहेबांनी आपलं नाक बारीक करून घ्या असं सांगितलं नाही. माप खोटं आहे असं सांगितलं.

आणि आज? कंपास गेला, कॉम्प्युटर आला. रिस्ले गेला, मॅडम आली. ती जात विचारत नाही. ती म्हणते 'रफ', 'हार्श', 'हेवी'. पण सोफ्यावर बसून तिनं ज्या रेघा मारल्या त्या कुणाच्या तोंडावरून घेतल्या? सिमेंटच्या गोणीखाली मान घट्ट झालेल्या बाईच्या तोंडावरून? उन्हात खडी फोडणाऱ्याच्या? माझ्या दोस्ताचा जबडा त्याच्या आईचा आहे. तीच रुंद हाडं, तेच कोपरे. ती बाई पहाटे चारला उठून शहराचा कचरा उचलते. दात-ओठ खाऊन तिनं तीन पोरं वाढवली. ते दात-ओठ ज्या हाडावर उभे आहेत त्याला 'डिफेक्ट' म्हणायचं आणि वर हप्ते लावायचे! वा रे सौंदर्यशास्त्र! म्हणजे आईच्या तोंडावर थुंकायचं आणि त्याचं बिल लेकानं भरायचं.

तू म्हणशील, माझं तोंड, माझा पैसा, तुला काय करायचंय? बरोबर. तोंड तुझं आहे. पण पैसा तुझा नाही, फायनान्सवाल्याचा आहे. माप तुझं नाही, दुकानवाल्याचं आहे. बधिर ओठ तेवढा तुझा. आणि विमा? अपघातानं, भाजल्यानं मोडलेलं तोंड दुरुस्त करायला विमा चालतो. शोभेसाठी केलेल्या ऑपरेशनला नाही. म्हणजे काही बिघडलं तर पुढचा खर्चही बहुधा तुझ्याच बोकांडी.

इथपर्यंत शिव्या दुसऱ्यांना दिल्या. आता घरच्यांना.

आपल्या लग्नाच्या बायोडाटात काय असतं? मुलगा काळा कोळसा, आणि मुलगी हवी गोरी, सडपातळ, नाकीडोळी नीटस! जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा आणि घरी बहिणीच्या तोंडाला गोरं करायची ट्यूब. स्टेजवर समतेचं भाषण आणि खाली उतरलं की "तिचं थोबाड बघितलंस का?" कुठून शिकलो आपण हे? ज्यांनी आपल्याला विटाळ म्हणून लांब ठेवलं त्यांच्याकडूनच ना? सावली झटकून टाकली, आरसा तेवढा त्यांचाच ठेवला.

आणि माझं सांगतो. दोस्ताला शाळेपासून सगळे 'फावडं' म्हणतात. जबडा रुंद म्हणून. जिन्यात, क्रिकेटच्या मैदानात, मोर्चात, सगळीकडे फावडं. हे नाव मी ठेवलं. सातवीत असताना. तेव्हा मला फार विनोदी वाटलं होतं, वर्ग हसला होता, तोही हसला होता. त्या दिवशी क्लिनिकमधून परत येताना कुर्ला स्टेशनवर मी म्हटलं, "त्या मॅनेजरच्या नादाला लागून हाड कापणार तू?" तो म्हणाला, "मॅनेजर काल आला रे. तू कधीपासून आहेस ते आठव."

माझा ओठ बधिर आहे, कान नाहीत.

म्हणून हा लेख. त्याला फावडं म्हणणारं तोंड पहिलं माझं, म्हणून पहिली शिवी मला. जो कुणी आजपासून वस्तीत कुणाला दात्या, काळ्या, जाडी, चपटी म्हणेल त्यानं समजावं की आपण क्लिनिकचे बिनपगारी दलाल आहोत. पोरगं सोफ्यावर जाऊन बसतं ते एका दिवसात नाही. आपणच रोज थोडं थोडं ढकलत नेतो.

दोस्ता, कर्जाचा कागद अजून तुझ्या खिशात आहे, मला माहिताय. मी फाडणार नाही. फाडायचा तर तू फाड. पण सही करायचीच असेल तर आधी एवढं कर. कापणारा कोण आहे ते विचार: प्लास्टिक सर्जरीची किंवा जबड्याच्या सर्जरीची पदवी आहे का, कौन्सिलचा नोंदणी नंबर काय, तो स्वतः बघ, मॅडमच्या तोंडी ऐकू नकोस. पूर्ण वेळ तोच हत्यार धरणार का? भूल देणारा डॉक्टर वेगळा आणि हजर असणार का? रात्री रक्त वाहायला लागलं तर तिथे आयसीयू आहे का, की टॅक्सी बोलवायची? बिघडलं तर दुसऱ्या ऑपरेशनचा पैसा कोण देणार, लेखी मागून घे. किती महिने पाळ्या बुडतील आणि त्या महिन्यांचं रेशन कोण भरणार? फोटो सहा महिन्यांनंतरचे दाखवा म्हण, सहा दिवसांनंतरचे नको. आणि शेवटचा प्रश्न त्यांना नाही, त्या मॅनेजरला विचार: हाड कापून आलो तर काउंटर नक्की देतोस का? लेखी देतोस? देणार नाही, बघ. उद्या म्हणेल, रंग जरा रफ आहे. परवा म्हणेल, आडनाव.

आणि वाचकांनो, तुमचंही काम आहे. त्याच्या दुकानासमोर उभं राहायला किती जण येणार? 'फेस रफ आहे' हे कुठल्या नियमात बसतं ते विचारायला किती जण येणार? हाड कापायला पोरगा एकटा तयार झाला, माप मोडायला आपण दहा जण तरी निघतो का?

पुढच्या रविवारी मी आणि तो जाणार आहोत. क्लिनिकला की दुकानाला, ते अजून ठरलेलं नाही. तो विचार करतोय. मी गप्प आहे, आयुष्यात पहिल्यांदा. पण हाक मारतो ती त्याच्या नावानं. आईनं ठेवलेल्या.

माहुल